वाढलेला रक्तदाब, जाड झालेली भिंत आणि बिघडलेला ठेका

घरातल्या एखाद्या ज्येष्ठ माणसाचा टू-डी एकोचा अहवाल तुम्ही कधी नीट वाचला आहे का? माझ्या वडिलांचा २०१६ सालचा अहवाल माझ्याकडे अजून आहे. त्यात पहिल्या तीन ओळी अशा होत्या : डाव्या निलयाची भिंत १३ मिलिमीटर, म्हणजे जाड झालेली, डावे अलिंद ४४ मिलिमीटर, म्हणजे मोठे झालेले, निलयाचे शिथिलन बिघडलेले, श्रेणी पहिली. चौथी ओळ होती, ईएफ ६० टक्के. घरी सगळ्यांनी ही चौथी ओळ वाचली. ‘पंपिंग चांगले आहे’ म्हणून सगळे निर्धास्त झाले आणि कागद फायलीत गेला. फायलीत ठेवणारा मीच होतो. दोन वर्षांनी एका सकाळी वडिलांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला आणि त्यांना शब्द फुटेना. मेंदूच्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. दवाखान्यात काढलेल्या ईसीजीत हृदयाचा ठेका पूर्णपणे अनियमित दिसला.

मी डॉक्टर नाही, यांत्रिक अभियांत्रिकीचा शिक्षक आहे. पुढे हा विषय वाचायला घेतला तेव्हा लक्षात आले की त्या पहिल्या तीन ओळी आणि ती सकाळ ही एकाच साखळीची कडी होती, आणि ती साखळी समजून घ्यायला लागणारे बरेचसे गणित मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर लिहीत होतो. या पाठात आपण ती साखळी एकेक कडी घेऊन पाहू. जीवशास्त्र दहावीनंतर सोडलेल्यांनाही ती समजेल.

शब्द आधी पक्के करू. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद, खालचे दोन म्हणजे निलय. हेच शब्द हिंदी पाठ्यपुस्तकांतही आहेत, त्यामुळे वेगवेगळ्या राज्यांतल्या विद्यार्थ्यांना ते ओळखीचे असतील. आपला संबंध मुख्यतः डाव्या बाजूशी आहे. फुप्फुसांकडून आलेले रक्त डाव्या अलिंदात येते, झडपेतून डाव्या निलयात उतरते आणि निलय ते महाधमनीत ढकलतो.

दाब म्हणजे भार

रक्तदाब १२०/८० आहे असे आपण म्हणतो तेव्हा एकक असते मिलिमीटर पारा. एक मिलिमीटर पारा म्हणजे १३३ पास्कल. म्हणजे वरचा आकडा, १२०, हा १६ किलोपास्कल झाला. मोटारसायकलच्या टायरमध्ये याच्या दहापटीहून जास्त दाब असतो, तेव्हा आकडा म्हणून यात घाबरण्यासारखे काही नाही. फरक इतकाच, की टायर रोज लाखभर वेळा फुगत आणि आकसत नाही. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाचे १,००,८०० ठोके होतात.

आता पंपाची शक्ती काढा. सरासरी दाब म्हणजे खालचा आकडा अधिक दोन आकड्यांतल्या फरकाचा एक तृतीयांश. १२०/८० साठी तो ९३ येतो, १६०/१०० साठी १२०. हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलते. दाब गुणिले प्रवाह केले की पहिल्या स्थितीत डाव्या निलयाची शक्ती सुमारे १.०४ वॅट आणि दुसऱ्या स्थितीत १.३३ वॅट मिळते. एवढेसे यंत्र, एका छोट्या एलईडी दिव्याइतके काम करणारे, पण १६०/१०० वर त्याला जवळजवळ तीस टक्के जास्त काम पडते. झोपेतही, सुट्टीच्या दिवशीही.

हा दाब वाढतो कशाने? बहुतेक लोकांत एकच एक कारण सापडत नाही. लहान धमन्यांची तोंडे आवळलेली राहतात, वयाबरोबर महाधमनी ताठर होते, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात, शिवाय वजन, दारू, झोपेतले घोरणे आणि अनुवंश. तो स्वतंत्र पाठाचा विषय आहे. इथे आपण दाब वाढला आहे असे धरून हृदयाकडे वळू.

भिंत जाड का होते

पातळ भिंतीच्या गोलाकार टाकीचे सूत्र तुम्हाला आठवत असेल :

भिंतीतील प्रतिबल = (आतला दाब × त्रिज्या) ÷ (२ × भिंतीची जाडी)

प्रतिबल म्हणजे ज्याला आपण वर्गात सरळ ‘स्ट्रेस’ म्हणतो ते. मनावरच्या ताणाशी याचा काही संबंध नाही. हृदयविज्ञानाच्या पुस्तकांत हेच सूत्र लाप्लासचा नियम म्हणून येते. मानवी शरीरातल्या पोकळ अवयवांना ते लावून पाहण्याचा प्रयत्न १८९२ मध्येच झाला होता.

निलयाची आतली त्रिज्या २४ मिलिमीटर आणि भिंत ९ मिलिमीटर घ्या. दाब १६ किलोपास्कल असेल तर प्रतिबल २१.३ किलोपास्कल येते. आता वरचा दाब १८० झाला, म्हणजे २४ किलोपास्कल. भिंत तेवढीच राहिली तर प्रतिबल ३२ वर जाते. ते पुन्हा २१.३ वर आणायचे असेल आणि त्रिज्या बदलायची नसेल, तर भिंत किती हवी? १३.५ मिलिमीटर. वडिलांच्या अहवालातला १३ चा आकडा मी या गणिताशेजारी ठेवला, तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो.

हिशोब ढोबळ आहे हे इथेच सांगतो, नाहीतर तुमच्यापैकी कोणीतरी बोट वर करेल. पातळ भिंतीच्या सूत्राला जाडी त्रिज्येच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी लागते, ही अट हृदयात पाळली जात नाही. निलय गोल नाही, लांबट आहे. आकुंचनात त्रिज्या आणि जाडी दोन्ही सतत बदलतात. तरीही दिशा बरोबर आहे. १९७५ मध्ये ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या निलयांची मोजमापे घेऊन दाखवले की दाबाच्या भाराखाली भिंत इतकी जाडावते की आकुंचनाच्या वेळचे प्रतिबल जवळपास निरोगी हृदयाइतकेच राहते. हृदयाला सूत्र माहीत नसते, पण पेशींना ओढ जाणवते आणि त्या आपल्या आत आकुंचनाचे नवे तंतू एकाशेजारी एक रचत जातात. नवीन पेशी फारशा तयार होत नाहीत. आहेत त्याच जाड होतात. रक्ताचे आकारमान वाढल्याचा भार असेल, उदाहरणार्थ झडप गळत असेल, तर तंतू एकापुढे एक जोडले जातात आणि कप्पा लांबरुंद होतो. दाबाचा भार भिंत जाड करतो, आकारमानाचा भार कप्पा मोठा करतो, एवढे लक्षात ठेवा.

माझे वडील साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. दाबमापीचा काटा लाल रेषेकडे सरकला की ते झोपेतूनही उठतील अशी त्यांची ख्याती होती. दर तासाला लॉगबुकात नोंद करायचे. स्वतःचा दाब मात्र वर्षातून एकदा, शिबिरात. तो दीडशेच्या वर निघायचा आणि त्यांचे उत्तर ठरलेले असायचे : डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला? याला उत्तर देताना मी तेव्हा गप्प बसायचो. आज सांगता येईल ते असे. बॉयलरचे पत्रे दाब वाढला म्हणून स्वतःहून जाड होत नाहीत, म्हणून तिथे सुरक्षा झडप आवाज करते. हृदयाची भिंत जाड होते, प्रतिबल आटोक्यात येते, आणि म्हणूनच वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. त्रास नसणे हे शरीराने गुपचूप केलेल्या दुरुस्तीचे लक्षण असू शकते.

भार मागे सरकतो

ही दुरुस्ती फुकट होत नाही. जाड भिंत आकुंचन पावायला समर्थ असते, पण सैल व्हायला कुरकुरते. शिवाय फक्त स्नायूच वाढतो असे नाही. त्याच्या मधल्या जागांत कोलॅजेनचे धागे साचतात. कोलॅजेन हाच कंडरांचा मुख्य घटक आहे, आणि तो स्नायूपेक्षा कितीतरी ताठर असतो. या सगळ्यात अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकांचा मोठा हात असतो. रक्तदाब वाढवणारी हीच मंडळी भिंतीत धागे विणायलाही मदत करतात. हा दुहेरी व्यवहार पुढे औषधांच्या संदर्भात पुन्हा येईल.

आता हृदय भरण्याच्या काळाचा विचार करा. निलय सैल होतो, झडप उघडते आणि अलिंदातले रक्त खाली येते. झडप उघडी असताना अलिंद आणि निलय हे व्यवहारात एकच भांडे असते. निलयाची भिंत ताठर असेल तर तेवढेच रक्त आत घ्यायला जास्त दाब लागतो आणि तो दाब अलिंदालाही सोसावा लागतो. भरण्याच्या अगदी शेवटी अलिंद स्वतः आकुंचन पावून उरलेले रक्त खाली ढकलते. निरोगी माणसात एकूण भरण्याच्या साधारण पाचव्या हिश्शाचे काम या धक्क्यातून होते. ताठर निलयात हा वाटा वाढतो. अहवालातली ‘शिथिलन बिघडलेले’ ही ओळ याच अवस्थेबद्दल असते. ईएफ मात्र आत आलेल्या रक्तातला किती हिस्सा बाहेर गेला एवढेच सांगतो. भरताना किती कष्ट पडले ते त्यात दिसत नाही. चौथ्या ओळीने आम्हाला फसवले ते इथे.

अलिंदाची भिंत २–३ मिलिमीटरच असते. तिला तेच सूत्र लावा. दाब १० मिमी पारा, त्रिज्या २० मिलिमीटर, भिंत २ मिलिमीटर : प्रतिबल ६.७ किलोपास्कल. दाब २० झाला आणि कप्पा ताणून त्रिज्या २३ झाली, तर १५.३. दुपटीहून जास्त. निलयाकडे जाड होण्याची मोकळीक होती, त्याला जाडीने दाबाचा पाठलाग करता आला. अलिंदाचा स्नायू तितका जाडावू शकत नाही, ते फुगते. फुगले की सूत्रातली त्रिज्या वाढते, त्रिज्या वाढली की प्रतिबल आणखी वाढते. निलयाने स्वतःवरचा भार कमी केला, पण तो नाहीसा झाला नव्हता. तो मागच्या खोलीत सरकला होता, आणि त्या खोलीची भिंत पातळ होती.

वणवा आणि ठेका

इथून विषय यांत्रिकीतून विद्युतशास्त्रात जातो. हृदयाचा ठोका उजव्या अलिंदातल्या एका लहानशा गाठीत सुरू होतो आणि विद्युत लहर म्हणून पेशींमधून पसरतो. पेशी एकमेकींना सूक्ष्म मार्गांनी जोडलेल्या असतात. हे मार्ग पेशींच्या टोकांशी जास्त आणि कडेला कमी असतात, त्यामुळे तंतूंच्या दिशेने लहर वेगाने जाते, आडवी हळू. ताणलेल्या अलिंदात पेशींच्या मध्ये कोलॅजेनच्या भिंती उभ्या राहिल्या की आडवे मार्ग तुटतात. सरळ जाणारी लहर नागमोडी जाऊ लागते. कुठे ती लवकर पोहोचते, कुठे उशिरा, कुठे पोहोचतच नाही.

यातून ठेका कसा बिघडतो ते समजायला डोंगरावरचा वणवा डोळ्यांसमोर आणा. कोरड्या गवतातून आगीची रेघ पुढे सरकते. मागे राख राहते, आणि राखेतून आग परत येऊ शकत नाही. हृदयाच्या पेशींचेही तसेच आहे. एकदा उत्तेजित झालेली पेशी काही काळ पुन्हा उत्तेजित होत नाही. याला विश्रांतीकाळ म्हणू. निरोगी हृदयात लहर सगळीकडे पसरते, पुढे गवत उरत नाही आणि विझते. मग नवा ठोका.

पण समजा डोंगराच्या मध्ये एक मोठा कातळ आहे. आग एका बाजूने अडली आणि दुसऱ्या बाजूने कातळाला वळसा घालून निघाली. ती फिरून जिथून निघाली तिथे आली, तोवर तिथले गवत पुन्हा उगवून वाळले असेल तर? आग फिरतच राहील. प्रत्यक्षात गवत इतके लवकर उगवत नाही, पेशी मात्र सेकंदाच्या पाव भागात तयार होतात. या गोल फिरणाऱ्या लहरीला री-एन्ट्री म्हणतात. जॉर्ज राल्फ माइन्स यांनी १९१३ मध्ये प्राण्यांच्या हृदयस्नायूच्या कड्यांवर तिचे नियम मांडले.

इथे एक साधा गुणाकार सगळे सांगतो. लहरीची लांबी म्हणजे तिचा वेग गुणिले विश्रांतीकाळ. वेग सेकंदाला ०.८ मीटर आणि विश्रांतीकाळ ०.२५ सेकंद घेतला तर लांबी २० सेंटिमीटर. एवढी लहर स्वतःभोवती फिरवायला निदान २० सेंटिमीटरची वाट हवी. अलिंदात ती मिळणे कठीण. आता धाग्यांमुळे वेग ०.४ वर आला आणि विश्रांतीकाळ ०.२ वर, तर लांबी ८ सेंटिमीटर उरते. आणि याच काळात अलिंद मोठे झालेले आहे. लहर आखूड, मैदान मोठे. एकाऐवजी अनेक लहरी एकाच वेळी फिरू शकतात, एकमेकींवर आदळतात, फुटतात, पुन्हा सुरू होतात. १९१४ मध्ये गॅरी यांनी दाखवले होते की थरथरणाऱ्या स्नायूचे लहान तुकडे कापले की त्या तुकड्यांतली थरथर थांबते. म्हणजे आकाराला महत्त्व आहे.

संगणकवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९६४ मध्ये गॉर्डन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळे संगणकावर करून पाहिले. षटकोनी घरांचा पट, प्रत्येक घराची अवस्था शेजाऱ्यांवरून ठरायची, आणि प्रत्येक घराचा विश्रांतीकाळ थोडा वेगवेगळा. बाहेरून काही क्षण वेगाने टोचले की पटावर लहरींचा गोंधळ सुरू व्हायचा आणि टोचणे थांबवले तरी चालूच राहायचा. विश्रांतीकाळ सगळीकडे सारखा ठेवला तर तो गोंधळ टिकत नसे. आज तुमच्या लॅपटॉपवर शंभरेक ओळींच्या पायथन प्रोग्रॅममध्ये हे करता येते. करून पाहा, व्याख्यानापेक्षा जास्त समजते.

या गोंधळाचे नाव एट्रियल फिब्रिलेशन. अलिंद आकुंचन पावत नाही, नुसते थरथरते, मिनिटाला ३५० ते ६०० या गतीने. अलिंद आणि निलय यांच्या मधली गाठ यातले बरेच संदेश अडवते, नाहीतर माणूस जगलाच नसता. पण जे संदेश खाली जातात ते कसल्याही नियमाशिवाय. म्हणून ईसीजीवर दोन उंच टोकांमधले अंतर दर वेळी वेगळे येते आणि त्यांच्याआधी दिसणारी पी लहर गायब असते.

ठिणगी कुठून पडते हा वेगळा प्रश्न. बोर्डो येथील मिशेल हेसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४५ रुग्णांमध्ये या ठिणग्यांचा माग काढला, तर दहांपैकी नऊहून अधिक ठिकाणे फुप्फुस शिरांच्या आत सापडली, जिथे अलिंदाचा स्नायू शिरांच्या भिंतीवर थोडा चढलेला असतो. आज कॅथेटरने करतात त्या उपचारात मुख्यतः याच शिरांच्या तोंडांभोवती विद्युत कुंपण घालतात. आणि एकदा हा ठेका बिघडला की तो स्वतःचीच सोय करतो : १९९५ मध्ये मास्ट्रिख्टला विफेल्स आणि सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर दाखवले की सुरुवातीला काही सेकंदांत थांबणारे फिब्रिलेशन, ते वारंवार सुरू करत राहिले की काही आठवड्यांत थांबेनासे होते.

प्रत्येक चुकलेला ठोका म्हणजे हाच आजार नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री चार कप कॉफी पिऊन छातीत एखादा ठोका ‘पडल्यासारखा’ वाटला तर तो बहुधा एखादा आगाऊ ठोका असतो आणि निरोगी हृदयात सहसा निरुपद्रवी असतो. पण असे ठोके वारंवार येत असतील, चक्कर किंवा बेशुद्धी येत असेल, तर ईसीजी काढलाच पाहिजे. जाड झालेल्या निलयातूनही धोकादायक ठोके निघू शकतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि रक्तातले पोटॅशियम उतरले तर ही शक्यता वाढते. डॉक्टर मधूनमधून पोटॅशियम तपासायला सांगतात ते यासाठी.

साचलेले रक्त

थरथरणाऱ्या अलिंदाने निलय भरण्याचा तो शेवटचा धक्का जातो. ज्या हृदयाला त्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याच हृदयातून जातो. त्यामुळे जिना चढताना दम लागतो, थकवा येतो. कित्येकांना तेवढेही जाणवत नाही. खरा धोका निराळा आहे. डाव्या अलिंदाला एक छोटी पिशवी जोडलेली असते. अलिंद आकुंचन पावेनासे झाले की त्या पिशवीत रक्त रेंगाळते आणि रेंगाळलेले रक्त गोठते. तिथून निघालेली गुठळी महाधमनीतून वर गेली की मेंदूत पोहोचते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम शहरात १९४८ पासून चालू असलेल्या अभ्यासात, फिब्रिलेशन असलेल्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट आढळला.

त्याच अभ्यासात उच्च रक्तदाबामुळे फिब्रिलेशनचा धोका पुरुषांत दीडपट आणि स्त्रियांत १.४ पट निघाला. हे आकडे किरकोळ वाटतील. पण दीडपट कशाच्या, आणि किती लोकांत? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर–इंडियाब सर्वेक्षणात भारतातल्या प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. तीन माणसांत एकाहून जास्त. लहान गुणक इतक्या मोठ्या संख्येला लागला की येणारी बेरीज लहान राहत नाही. आपल्या देशात आणखी एक वाट आहे : लहानपणी घशाच्या संसर्गातून होणारा संधिवाताचा ताप, त्याने आकसलेली झडप, आणि त्या अडथळ्यामागे फुगलेले अलिंद. तिथे कारण रक्तदाब नसतो आणि रुग्ण पुष्कळदा तरुण असतो, पण भौतिकशास्त्र तेच.

उलट फिरता येते का

काही प्रमाणात येते. दाब उतरवला की निलयाची भिंत महिन्या-वर्षांत थोडी पातळ होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लाइफ या चाचणीत, जाड निलय असलेल्या ९,१९३ रुग्णांपैकी काहींना लोसार्टन आणि काहींना ॲटेनोलॉल दिले. दोन्ही गटांत दाब जवळपास सारखाच उतरला, पण लोसार्टनच्या गटात नव्याने फिब्रिलेशन होण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. लोसार्टन अँजिओटेन्सिनचा मार्ग अडवते. वर म्हटलेला दुहेरी व्यवहार आठवा. त्याच चाचणीत, ज्यांच्या ईसीजीवरच्या जाडीच्या खुणा कमी झाल्या त्यांच्यातही फिब्रिलेशन कमी दिसले. पुढे स्प्रिंट चाचणीत वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट घेतलेल्या गटात फिब्रिलेशनचा धोका २६ टक्क्यांनी कमी आढळला. ही दोन्ही नंतर केलेली विश्लेषणे आहेत, त्या चाचण्यांचा मूळ प्रश्न तो नव्हता. शिवाय पहिल्या चाचणीत लोसार्टनचा फायदा किती आणि ॲटेनोलॉलचे उणे किती, हे वेगळे करता येत नाही. म्हणून मी यावरून अमुक गोळी चांगली असे म्हणणार नाही, तुम्हीही घरी कोणाची गोळी बदलायला जाऊ नका. दाब उतरवल्याने साखळीची पहिलीच कडी सैल होते, एवढे मात्र दोन्हींतून दिसते.

धागे एकदा पक्के विणले गेले की ते सहजी उसवत नाहीत. फिब्रिलेशन झालेल्यांत गुठळीचा धोका मोजून रक्त पातळ ठेवणारे औषध देतात. त्या मोजणीत उच्च रक्तदाबाला स्वतःचा एक गुण आहे, आणि औषध चालू असताना दाब चढा राहिला तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणजे आजार झाल्यावरही दाबाकडे पाठ फिरवता येत नाही.

यंत्राचा आकडा आणि मनगटावरची बोटे

सुट्टीत घरी जाल तेव्हा करण्यासारखे एक काम आहे. दंडाला पट्टा बांधायचे स्वयंचलित यंत्र आता पुष्कळ घरांत असते. ते आवाज ऐकत नाही. पट्ट्यातली हवा हळूहळू सोडताना नाडीमुळे दाबात जी सूक्ष्म आंदोलने होतात ती ते मोजते. आंदोलने सर्वांत मोठी असतात तो दाब साधारण सरासरी दाब, आणि वरचा-खालचा आकडा त्या आंदोलनांच्या चढउतारावरून हिशोबाने काढलेला असतो. ठेका नियमित असेल तर हा चढउतार गुळगुळीत टेकडीसारखा येतो. फिब्रिलेशनमध्ये प्रत्येक ठोक्याआधी हृदय कमी-जास्त भरते, म्हणून प्रत्येक ठोक्याचे बळ वेगळे आणि टेकडी ओबडधोबड. यंत्राचा हिशोब तिथे डळमळतो. अशा वेळी एकच आकडा धरून बसू नका. एकेक मिनिटाच्या अंतराने निदान तीनदा मोजून सरासरी घ्या. मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसायचे आणि दंड हृदयाच्या उंचीवर ठेवायचा. कित्येक यंत्रांवर अनियमित ठोक्यांसाठी एक खूण उमटते, बहुधा हृदयाच्या चित्राशेजारी. ती निदान नव्हे, पण वारंवार दिसली तर ईसीजी काढण्याची सूचना समजा.

यंत्र नसेल तर अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. आपल्याला नुसता आकडा नको, ठेका हवा आहे. श्वासाबरोबर किंचित कमी-जास्त होणे स्वाभाविक आहे, विशेषतः तरुणांत. मधूनच एक ठोका आगाऊ येऊन पुन्हा ताल धरणे हेही नेहमीचे. पण टाळ्यांना ताल असा सापडतच नसेल, तर थांबा आणि पुन्हा मोजा. फिब्रिलेशनमध्ये काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून स्टेथोस्कोपने छातीवर मोजलेले ठोके मनगटावरच्या ठोक्यांपेक्षा जास्त भरतात.

वडिलांचा उजवा हात आता पुष्कळ सुधारला आहे. सही मात्र डाव्या हाताने करतात. कारखान्यातल्यासारखे एक लांबट लॉगबुक त्यांनी आणवून घेतले आहे. रोज सकाळी तीन वेळा दाब मोजतात, सरासरी स्वतः काढतात, आणि शेवटच्या रकान्यात नाडी ‘नियमित’ की ‘अनियमित’ ते लिहितात. गेल्या दिवाळीत त्यांनी माझाही दाब मोजला. १३८/८८. माझ्या नावाने त्यांनी वेगळे पान पाडले आहे.